तुझा डोंगर कुठला?



आधी एक कबुली देऊन टाकतो. आमच्या घरात बरीच वर्षे एक विनोद चालत आला होता. आमची कन्या सहा वर्षांची असताना दिवाळीच्या कार्यक्रमात माईकसमोर उभी राहिली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "माझा आजी वाईला राहतो. तो लाडू करतो. मला तो खूप आवडतो." सभागृहात हशा पिकला. सर्वांत मोठ्याने आम्हीच हसलो. पुढे तो विनोद आम्ही पाहुण्यांना सांगितला, वाढदिवसाला सांगितला, ऑकलंडहून कोणी आले की नकलेसकट सांगितला. पहिल्या दोन-तीन वेळा तीही हसली. नंतर हसेनाशी झाली. आणि मग, नेमके कधी ते आम्हाला सांगता येणार नाही, तिने मराठीत बोलणेच सोडून दिले. आम्ही मराठीत विचारायचे, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे, असा दोन भाषांचा टेबल-टेनिस घरात सुरू झाला.

वर्गाला ती नियमाने येत होती. वही नीटनेटकी, बाराखडी मोत्याच्या दाण्यासारखी. तोंडातून शब्द मात्र निघत नव्हता. आम्ही शाळेला दोष दिला, टीव्हीला दिला, मोबाइलला दिला, न्यूझीलंडलाही दिला. आमच्या हशाला दोष द्यावा हे काही सुचले नाही.

मध्यंतरी एक गोष्ट घडली, ती सांगण्यासाठीच हा लेख.

इथल्या शाळांत मुलांना पेपेहा शिकवतात. भारतातून हा अंक वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी सांगतो : पेपेहा म्हणजे माओरी पद्धतीने स्वतःची ओळख करून देणे. आपण आधी नाव सांगतो आणि पाठोपाठ हुद्दा. माओरी माणूस आधी आपला डोंगर सांगतो, मग आपले पाणी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, आपले कूळ, आणि स्वतःचे नाव अगदी शेवटी.

टौरंगाचा डोंगर म्हणजे माउआओ. उंची २३२ मीटर, आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच. पण त्याची गोष्ट वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. हा डोंगर पूर्वी बिननावाचा होता. पुव्हेनुआ नावाच्या सुंदर टेकडीवर त्याचे मन बसले, पण तिचे मन होते ओतानेवाइनुकू या दुसऱ्या डोंगरावर. दुःखाने त्याने रात्री वावरणाऱ्या पातुपाइआरेहे लोकांना विनवले, मला ओढत न्या आणि समुद्रात बुडवा. त्यांनी त्याला समुद्राच्या काठापर्यंत आणले, तोच उजाडले. ते लोक उजेडाला भिऊन पळाले आणि डोंगर तिथेच राहिला. माउआओ म्हणजे पहाटेने पकडलेला. ज्याला नाव नव्हते, त्याला जिथे थांबला तिथे नाव मिळाले.

तर आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठी मुलांनी मराठीत पेपेहा करायचे ठरवले. कन्येने चटकन लिहिले, "माझा डोंगर माउआओ." शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ते पटेना. ती म्हणाली, "तो तर सगळ्यांनीच लिहिलाय. आणि आमच्या टीचर म्हणतात, त्याला आपला पूर्वज म्हणायचा मान इथल्या माओरी लोकांचा. आपण म्हणायचं, मी त्याच्या पायथ्याशी वाढते. पण तुझ्या आजोबांचा डोंगर कुठला?"

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी चमत्कार झाला. "बाबा, आपला डोंगर कुठला?" दोन वर्षांतले पहिले अख्खे मराठी वाक्य! आणि आम्ही गप्प. वाईत अठरा वर्षे काढली. शाळेत जाता-येता पांडवगड दिसायचा, पण तो 'आपला' आहे असे कधी मनात आले नव्हते. शेवटी वाईला फोन लावला. आजोबा तासभर बोलत होते. पांडवगड झाला, कृष्णेचे घाट झाले, मग ढोल्या गणपतीचे देऊळ निघाले. नदीला पूर आला की पाणी देवळाला भिडते, म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे प्रवाह दुभंगून बाजूंनी निघून जातो. हे आम्ही लहानपणी ऐकले होते. इंजिनीअर झालो, पण लेकीला सांगायचे कधी सुचले नाही.

पुढच्या रविवारी ती चित्र घेऊन आली. डावीकडे पांडवगड, उजवीकडे माउआओ आणि मधोमध पाण्यात माशाच्या पाठीचे देऊळ. आम्ही कोपऱ्यात चहाचे कप आवरत होतो. मैत्रिणीचे प्रश्न सुरू झाले. देवळाला माशाची पाठ का? पाणी आत येतं का? आजी लाडू घेऊन कशी जाते मग? कन्या अडखळत, हातवारे करत मराठीतच उत्तरे देत होती. मग मैत्रिणीने विचारले, "तू आजीला 'तो' का म्हणतेस?"

आमच्या हातातला कप तसाच राहिला. आता पुन्हा ही गप्प बसणार!

कन्या म्हणाली, "कारण आजी स्वतःच म्हणतो, मी लाडू करतो."

मंडळी, आमची आई माहेरची कोल्हापूरची. तिकडे बायका सर्रास 'मी जातो', 'मी करतो' असेच बोलतात. आईचे हे बोलणे आम्ही जन्मापासून ऐकत आलो, इतके की ते ऐकू येईनासे झाले होते. सहा वर्षांच्या पोरीने मात्र ते नीट ऐकले आणि त्यावरून आपले आपण व्याकरण बसवले. ज्याला आम्ही परदेशात वाढल्याची खूण समजून हसत होतो, ती तिच्या कोल्हापूरच्या रक्ताची खूण होती. सभागृहभर हसलेल्या आम्हा मोठ्यांपैकी एकालाही 'असे का म्हणतेस?' हे विचारावेसे वाटले नव्हते. ते दहा वर्षांच्या मैत्रिणीला वाटले.

आमच्या संगणकाच्या धंद्यात एक युक्ती आहे. प्रोग्राममधली चूक सापडत नसली की टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या १९९९ सालच्या पुस्तकामुळे हे बदक प्रसिद्ध झाले. युक्ती खरी आहे, आम्ही स्वतः वापरली आहे. मनातले मोठ्याने सांगितल्याशिवाय ते काय आहे हे आपल्यालाही कळत नाही. पण बदकाची एक अडचण आहे. ते उलट प्रश्न विचारत नाही. हल्ली संगणक उलट बोलतो, सांगाल त्या विषयावर कविताही लिहून देतो. पण पुढच्या रविवारी त्याला तुमच्या शेजारी बसायचे नसते. मैत्रिणीला बसायचे असते, म्हणून तिला उत्तर खरेच हवे असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. चित्र काढणे, चार ओळी लिहिणे, काहीतरी घडवणे हे एकट्याने होते. पण त्यातून आपण कोण हे कळायला समोर एक मित्र लागतो, आणि त्याने विचारावे लागते.

हे आमचे नवे संशोधन नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात काही मित्र रविवारच्या चहाला जमत आणि गमतीने त्या बैठकीला 'सन-टी क्लब' म्हणत. त्यातून १९२३ साली रविकिरण मंडळ उभे राहिले. त्यात माधव ज्यूलियन फारसी शिकवणारे, गिरीश आणि नाट्यछटाकार दिवाकर शिक्षकी पेशातले, यशवंत सरकारी नोकरीत, तर श्रीधर आणि मनोरमाबाई रानडे हे पती-पत्नी दोघेही कवी. पोटाचा उद्योग प्रत्येकाचा वेगळा. जमायचे, आपले लिहिलेले वाचायचे, दुसऱ्याचे ऐकायचे, चर्चा करायची. पुढे कविता सभेत गाऊन दाखवण्याची त्यांची पद्धत महाराष्ट्रभर लोकप्रिय झाली. सुरुवात मात्र चहाच्या कपाने आणि मित्रांच्या कानांनी झाली. वार तोच, चहा तोच. आपल्याकडे काय कमी आहे?

यावर काही पालक म्हणतील की, मुले अशाने धेडगुजरी मराठी बोलतील. बोलोत. माधव ज्यूलियनांच्या सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. आधी भरपूर लिहिले, मग शुद्धीचा विचार केला. आपण मुलांना उलट क्रम लावतो. आधी शुद्ध बोल, मग बोल!

दुसरा आक्षेप असा की, मित्र मित्राचे कौतुकच करणार, सुधारणार कोण? हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. रविकिरण मंडळाच्या कवितेचीही आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये यथेच्छ टिंगल केली, आणि ती वाचून महाराष्ट्र पोट धरधरून हसला. पण ते कवी जाणते होते, छापून उत्तर देऊ शकत होते. सहा वर्षांचे मूल उत्तर देऊ शकत नाही. ते फक्त बोलायचे थांबते. व्याकरण शिकवायला आपल्या वर्गात शिक्षक आहेत आणि ते काम त्या उत्तम करतात. त्यांच्या तासात चुका जरूर काढाव्यात. आम्ही मागतो आहोत तो अर्धा तास वेगळा आहे.

आपण ज्या देशात राहतो त्याने हा धडा गिरवलेला आहे. माओरी भाषा घराघरांतून नाहीशी होत चालली, तेव्हा १९८२ साली वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता येथे पहिले कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. आजी-आजोबा आणि चिमुरडी मुले एकत्र बसून दिवसभर त्या भाषेत बोलू, गाऊ, खेळू लागली. १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. कायद्याने मान मिळाला, पण पिल्ले बोलू लागली ती घरट्यात.

तेव्हा आमची सूचना अशी. वर्गाचा शेवटचा अर्धा तास 'कट्टा' म्हणून ठेवावा. मुलांनी स्वतः केलेली एक वस्तू आणावी : चित्र, गोष्ट, ठोकळ्यांचा किल्ला, संगणकावरचा खेळ, काहीही चालेल. दोघा-दोघांनी बसावे. एकाने दाखवावे, दुसऱ्याने निदान तीन प्रश्न मराठीत विचारावेत. शब्द अडला तर मुलांनी मागावा, मोठ्यांनी तेवढाच द्यावा. चूक काढू नये, हसू नये आणि घरी जाऊन नक्कल तर मुळीच करू नये.

पालकांनीही गाडीत बसून मोबाइल पाहण्याऐवजी आत यावे आणि स्वतःचे काहीतरी आणावे. कॉलेजात लिहिलेल्या कवितांची वही कित्येकांच्या सुटकेसमध्ये अजून आहे, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. आमचीही आहे. पहिल्या कट्ट्याला आम्ही ती आणू. मात्र तीन प्रश्न विचारायला मित्र हवा. उमेदवारांनी नावे द्यावीत.

ता. क. : घरातला तो जुना विनोद आम्ही कायमचा बंद केला आहे. परवा कन्येने वाईला फोन करून विचारले, "आजी, तू टौरंगाला कधी येतो?"

पलीकडून उत्तर आले, "येतो की गं. तिकडची थंडी संपली की लगेच येतो."

आम्ही शेजारीच होतो. हसलो नाही.

– एक पालक