दोन वर्षांचे मास्तर

परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी लागली की आपले बेळगावकर पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा फिरण्याचा. 'काय मग, कुठं कुठं जाऊन आलीस?' मी बँकॉकमधल्या एका शाळेत पाच वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय. मंडळातल्या काही जणींनी बी.एड. करून बाहेर जायचं मनात घेतलंय, त्यांच्यासाठी लिही, असं संपादकांनी सांगितलं. अनुभव त्यात येईलच. पण मला एक मत मांडायचंय, आणि ते आमच्या स्टाफरूममध्ये फारसं कुणाला आवडत नाही. देश बघायचा असेल तर तिकीट काढून बघावा. शिकवायला यायचं असेल तर निदान चार वर्षं राहायच्या तयारीनं यावं.

आधी फिरण्याचं सांगून टाकते. सुट्ट्या भरपूर असतात हे खरं. डिसेंबरची, एप्रिलमध्ये सोंगक्रानची म्हणजे थाई नववर्षाची, मग जून-जुलै. पण शेजारच्या टेबलावरचा ब्रिटिश सहकारी गुरुवारी ठरवतो आणि शुक्रवारी रात्री हनोईच्या विमानात बसतो. मला आधी व्हिएतनामचा ई-व्हिसा काढावा लागतो. थायलंड सोडण्याआधी परत यायचा परवानाही हवा. एका वेळेचा १,००० बात, अनेक वेळांचा ३,८००. तो न काढता गेलात तर इथं राहायची परवानगीच रद्द होते. हा नियम ब्रिटिशालाही आहे, पण त्याचं तेवढ्यावर भागतं. सलग ९० दिवस देशात राहिलात की इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. फोटोत समुद्र दिसतो, ही कागदपत्रांची फाईल दिसत नाही.

बाकी दिवस म्हणाल तर तो शिक्षकाचाच दिवस. सकाळी गल्लीच्या तोंडाशी केशरी जाकीट घातलेले मोटरसायकलवाले उभे असतात, त्यांच्या मागं बसून स्टेशन गाठायचं, तिथून ट्रेन. आठला झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं. मग तास, प्रॅक्टिकल, तपासायचे कागद, पालकांचे ईमेल. टिळकवाडीतल्या एखाद्या बाईंचा दिवस आणि माझा दिवस यांत फार फरक नाही. घाम इथं जास्त येतो, एवढंच.

पहिलं वर्ष तर वर्गातली माणसं ओळखण्यातच जातं. हजेरीपटावर एक नाव आणि हाकेला दुसरं. थाई मुलांची टोपणनावं ऐकाल तर हसाल: बँक, गोल्फ, आइस. आणि कागदावरचं नाव लांबलचक, बहुतेक वेळा संस्कृत-पालीतून आलेलं. सिरिपोर्न म्हणजे श्री आणि वर. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी असं लिहितात आणि 'सुवन्नफूम' असं म्हणतात. शिक्षक म्हणजे 'ख्रू', आपला गुरूच. विद्यापीठातला असेल तर 'आचान', म्हणजे आचार्य. तारखेत वर्ष बुद्धाब्दाचं, आपल्यापेक्षा ५४३ नं पुढं. माझ्या पहिल्या करारावर ते सन बघून मी क्षणभर दचकलेच होते.

बेळगावात वाढलेल्या माणसाला हे सगळं जड जाऊ नये. घरी मराठी, बाजारात कन्नड, गल्लीत उर्दू, कॉलेजात इंग्रजी. चार भाषांत दिवस काढायची आपल्याला लहानपणापासून सवय. तरीही स्टाफरूममध्ये आठ-दहा वर्षं काढलेली माणसं मी बघते, ज्यांना भाजीवालीशी भाव करण्यापुरती थाई येत नाही. 'लागतच नाही' म्हणतात. लागत नाही हे खरंच आहे, शाळेच्या आवारात इंग्रजीवर भागतं. पण आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तिथंच वारले. मधल्या चाळीस वर्षांत ते इथली भाषा अशी शिकले की १६१६ साली छापलेलं 'क्रिस्तपुराण' आपण आज मराठीच्या इतिहासात वाचतो. दोन वर्षांच्या करारावर आले असते तर काय लिहिलं असतं?

थाई लोक गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात. आपल्या फिरंगीचाच तो भाऊ. आणि आपल्यासारख्या भारतीयांना 'खॅक' म्हणतात. खॅक म्हणजे पाहुणा. काहींना तो शब्द टोचतो. मला टोचत नाही, कारण आम्ही सगळेच पाहुण्यासारखे वागतो, फरांग जास्तच.

जूनच्या सुमाराला इथल्या शाळांत 'वाय ख्रू' असतं, शिक्षकांना वंदन करायचा दिवस. बहुधा गुरुवारी, कारण तो वार बृहस्पतीचा. मुलं गुडघ्यांवर पुढं येतात आणि फुलांचं तबक देतात. त्यात 'खेम'ची फुलं असतात. खेम म्हणजे सुई, म्हणजे बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी. वांग्याचं फूल असतं, कारण ते खाली मान घालतं. आणि दुर्वा असतात! चिवटपणासाठी, कारण तुडवल्या तरी पुन्हा उगवतात. गणपतीला वाहायच्या दुर्वा आपल्या हातात कुणी द्याव्यात याचा मला पहिल्या वर्षी फार संकोच वाटला. आमच्या शाळेतही हा कार्यक्रम होतो. समोर शिक्षक रांगेनं बसतात, आणि त्यातल्या तिघा-चौघांची बॅग तेव्हा भरूनच झालेली असते, कारण शाळा जूनअखेर संपते आणि करारही.

हे मुलांना कळत नाही असं समजू नका. गेल्या वर्षी प्रयोगशाळेत ब्युरेट धुता धुता दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, 'मिस, पुढच्या वर्षी तुम्ही आहात ना?' सहावीपासून तिनं विज्ञानाचे चार शिक्षक बघितले होते. प्रश्नात माया वगैरे काही नव्हती. विद्यापीठाच्या अर्जाला शिफारसपत्र कोण देणार हे तिला आत्ताच ठरवायचं होतं. हिशेब अगदी बरोबर होता तिचा. पण पंधरा वर्षांच्या मुलीला शिक्षकाबद्दल असा हिशेब करता यावा, हे आपण तिला शिकवलेलं आहे.

नुकसान भावनेचंच असतं असंही नाही. आयजीसीएसई दोन वर्षांचं, त्यापुढचं ए लेव्हल किंवा आयबी डिप्लोमा दोन वर्षांचं. मोलची गणितं चुकणाऱ्या मुलाला बऱ्याचदा रसायनशास्त्र अडत नाही, त्याचं गुणोत्तर कच्चं असतं आणि ते सातवीपासून कच्चं असतं. एखाद्या कोरियन मुलाला सगळं पाठ असतं, पण इंग्रजी प्रश्न त्याला नीट वाचता येत नाही. ही मुलं हुशारीनं लपतात. नव्या शिक्षकाला ती सापडेपर्यंत डिसेंबर उजाडतो. सापडली, उपाय सुरू झाला, तोवर शिक्षक दुबईच्या मुलाखतीच्या तयारीला लागलेला असतो. नवा येतो, पुन्हा डिसेंबर.

सगळा दोष शिक्षकांवर टाकणं मात्र बरोबर नाही. अनेक शाळांत परदेशातून आणलेल्या शिक्षकाला घरभाडं, विमानाचं तिकीट, वरचा पगार मिळतो. स्थानिक करारावरच्या थाई आणि फिलिपिनो शिक्षकांना त्याच कामाचे कमी पैसे. म्हणजे वीस वर्षं राहणारी बाई स्वस्त आणि दोन वर्षांत जाणारा महाग! मुलांची नावं, भावंडं, कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं त्या थाई बाईंना माहीत असतं. आम्ही त्यांनाच विचारून वर्ग चालवतो. त्यात इंग्रजीच्या जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' हवा असतो, म्हणजे व्याकरण कितीही पक्कं असो, आपला पासपोर्ट आधी वाचला जातो. म्हणून आपल्याकडची बहुतेक माणसं इथं गणित-विज्ञानात दिसतात.

माझे सहकारी म्हणतात, मुलंही कुठं राहतात? वडिलांची कंपनी बदली करते, मूल दुसऱ्या देशात. पहिली आंतरराष्ट्रीय शाळा म्हणून जिचं नाव घेतात ती जिनिव्हाची शाळा १९२४ साली निघाली तीच मुळात राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी, म्हणजे फिरत्या लोकांसाठी. हे मला मान्य आहे. पण ज्या मुलाचं घर, मित्र, देश सगळंच बदलत असतं, त्याच्या शाळेत तरी कुणीतरी जागेवर असायला नको? शिवाय आता आमच्या वर्गात अर्धीअधिक मुलं थाईच आहेत. ती कुठंच जात नाहीत. जातो आम्ही.

खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नोव्हेंबरात शाळा पत्र देते: पुढच्या ऑगस्टला आहात की नाही? यंदाचं पत्र माझ्या टेबलावर आहे. बाबा बेळगावात एकटे असतात. घड्याळ फक्त दीड तास पुढं-मागं, त्यामुळं रोज रात्री बोलणं होतं, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन फोनवर होत नाही. शेजारचे काका म्हणाले, 'पुरे झालं की आता.' बाबा काही म्हणाले नाहीत. अकरावीची बॅच ऑगस्टमध्ये माझ्याकडे आली. ती मुलगी त्यात आहे. मी 'हो' लिहिलंय, बॅच बाहेर पडेपर्यंतचं. ऑपरेशन जुलैच्या सुट्टीत करायचं ठरवलंय. चार वर्षं म्हणजे काय ते मी हे सगळं धरून म्हणतेय.

तेव्हा मुलाखतीत पगार विचाराच, संकोच नको. पण माझ्या आधी या जागेवर कोण होतं, किती वर्षं होतं आणि का गेलं, हेही विचारा. स्थानिक शिक्षक किती वर्षं टिकलेत ते विचारा. घरी कोण आजारी पडलं तर रजा कशी मिळते ते करारात लेखी आहे का बघा. डिसेंबरच्या सुट्टीत मी बेळगावात असेन. कुणाच्या हातात करार आलेला असेल तर घेऊन या, बसून वाचू.