पाटी गावाची, सह्या आपापल्या

आमच्या वालूरमध्ये शेतकरी उत्पादक कंपनी काढायची बैठक झाली. कायद्याला किमान दहा उत्पादक लागतात. ते जमले, हिंदूही आणि मुसलमानही. अडलं ते नावावर. एका मित्रानं वडिलांचं नाव सुचवलं आणि लगेच स्वतःच मागं घेतलं. ‘मुसलमानाचं नाव बघून माल कोण घेईल?’

ही भीती खोटी नाही. बहिष्काराची आवाहनं आपण सगळ्यांनी वाचली आहेत. पण भीतीनं नाव ठरवू नये.

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ काढली, तीच सिप्ला. मोहम्मद हाशम प्रेमजींनी १९४५ साली अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ काढली, तीच विप्रो. दोघांनीही नावात धंदा सांगितला. धर्म मिरवला नाही, आणि मालक कोण हे लपवलंही नाही.

अर्जात दोन नावं देता येतात. मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून ठेवतात. आधीच्या कंपनीशी किंवा ट्रेडमार्कशी साम्य आहे का, हे पाहतात. अर्जदाराचा धर्म पाहत नाहीत.

गावाची चक्राकार बारव सगळ्यांचीच आहे. म्हणून माझं मत ‘वालूर बारव प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ला. मात्र संचालकांच्या यादीत त्या मित्राचं नाव वडिलांच्या नावासकट, पूर्ण लिहिलेलं असावं.