व्हीलचेअर दिली. पुढच्या महिन्याचं काय?

रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्यातल्या एका हॉलमध्ये इफ्तारच्या आधी कार्यक्रम होता. दिव्यांग मुलांना मदत. स्टेजवर पाच मुलं, पाच नव्या कोऱ्या व्हीलचेअर आणि प्रत्येक खुर्चीमागं चार-चार मोठी माणसं. पाचातली एक माझ्या वर्गातली. आठ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं तल्लख, उर्दू माझ्यापेक्षा शुद्ध बोलते, पण कमरेतून ताठ बसता येत नाही. खुर्ची मोठ्या माणसाची होती. ती त्यात डावीकडं कलंडत होती, आणि तिची आई मागं खाली वाकून, फोटोत येणार नाही अशा बेतानं, एका हातानं तिचा खांदा सावरत होती. फोटो छान आला. त्यात तो हात दिसतो, कुणाचा ते कळत नाही.

ती खुर्ची सध्या त्यांच्या जिन्याखाली उभी आहे. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. ईदनंतर मी गेले तेव्हा आई म्हणाली, "टीचर, कुर्सी क्या करूं मैं? पहले उसको बैठना तो आने दो."

हे लिहिलं की मला फोन येणार आहेत हे ठाऊक आहे. "आपा, चांगलं काम करणाऱ्यांना नावं ठेवता?" नाही ठेवत. ज्यांनी खुर्च्या आणल्या त्यांची नियत साफ आहे, त्यातले दोघे माझे विद्यार्थी आहेत. माझं भांडण आपण मदत कशाला म्हणतो याच्याशी आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय ते आधी साध्या शब्दांत सांगते, कारण आपल्याकडं अजून "पोलिओ झालाय का?" असंच विचारतात. पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला. आता आपल्या वस्तीत जी मुलं दिसतात त्यातल्या पुष्कळांच्या मेंदूला जन्माच्या आसपास इजा झालेली असते. दिवस भरण्याआधी जन्मलेलं मूल, जन्मताना घुसमटलेलं, कावीळ डोक्यात गेलेलं. मेंदूची ती इजा पुढं वाढत नाही. पण मूल वाढतं. हाडं लांब होतात, ताठरलेले स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत, मग टाच वर उचलली जाते, गुडघा दुमडून राहतो, खुब्याचा सांधा जागेवरून सरकू लागतो. ते रोखायचं तर व्यायाम, नीट बसवणं, आधार देऊन उभं करणं, रात्री पायाला स्प्लिंट. हे रोजचं काम आहे, आणि मूल वाढत असेपर्यंतचं आहे. पाय मोठा झाला की स्प्लिंट नवा लागतो. दोन महिने खंड पडला तर मिळवलेलं हातचं जातं.

म्हणजे या मुलांना लागतो तो थेरपिस्टचा हात, आठवड्यातून दोनदा तरी. आणि उरलेले पाच दिवस आईचे दोन हात, जे त्या थेरपिस्टनं शिकवून तयार केलेले असतात.

हिशेब मांडते, शिक्षकाची सवय. आमच्या गावाहून साताऱ्याला एसटीनं तास लागतो. ती जिथं जाते तिथं एका वेळचे चारशे घेतात. महिन्यातून आठ वेळा, म्हणजे बत्तीसशे. वर एसटी, स्टँडवरून रिक्षा. सरकारी ठिकाणी मोफत होतं, तिथंही ती जात होती. पण नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची, आणि आलेल्या सगळ्यांना पुरतील इतके हात तिथं नव्हते. आई शिलाईकाम करायची, ते सुटलं. बाप गॅरेजमध्ये. आता त्या खुर्चीची किंमत बघा, साधारण साडेसहा हजार. म्हणजे पोरीची दोन महिन्यांची फी जिन्याखाली उभी आहे. शिवाय गरजू अपंगांना अशी साधनं केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून फुकट मिळतात, १९८१ पासून. मापं घेऊन, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची वेगळी खुर्चीसुद्धा. जे सरकार फुकट देतं ते आपण विकत घेऊन वाटलं, आणि जे तिला पुरेसं कुणीच देत नाही ते तसंच राहिलं.

हे का होतं? कारण खुर्चीचा फोटो निघतो. बत्तीसशे रुपयांची फी दिल्याचा फोटो काय काढणार? पोरगी चटईवर पालथी पडून मान उचलायचा प्रयत्न करत रडते आहे, असा?

आणि आपला चंदा मोसमी आहे. रमजानमध्ये पाऊस, शव्वालपासून दुष्काळ. पुण्यकर्माचा सवाब या महिन्यात वाढतो म्हणून लोक याच महिन्यात देतात, ते मी समजू शकते. पण पोरीचे स्नायू चांद बघून आखडत नाहीत.

"अल्लाह की मर्जी, सब्र करो," हे या आईनं किती वेळा ऐकलं असेल, मी मोजलेलं नाही. सांगणारे मनानं वाईट नसतात. पण सूरह अबस कुणावरून उतरली ते आपल्याला मदरशातच शिकवलं आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम, दृष्टिहीन सहाबी. हुजूर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले असताना ते काही विचारायला आले, त्यांच्याकडं दुर्लक्ष झालं, आणि त्यावर वह्य उतरली. पुढं तेच मदिनेत अजान देत, आणि हुजूर (स.) बाहेर जात तेव्हा शहर अनेकदा त्यांच्या हवाली असे. हा प्रसंग आपल्या तकरीरींमध्ये येतो, डोळे पाणावतात. मग आपण हॉल घेतो, सरदारांना पुढच्या रांगेत बसवतो आणि ज्याला काही विचारायचं आहे त्याच्या हातात माइक देत नाही. त्या पाच आयांपैकी एकीलाही त्या दिवशी कुणी विचारलं नाही, की बाई, तुला काय हवंय?

आता जकातीचा मुद्दा, कारण इथंच सगळ्यांत जास्त गोंधळ घातला जातो. मी आलिमा नाही, पण जे विचारून घेतलं ते सांगते. आपल्या भागात बहुतेक हनफी. हनफी मसलकात जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून सेंटरचं भाडं, थेरपिस्टचा पगार थेट जकातीतून नको, असं उलमा सांगतात. ठीक. एवढं ऐकलं की कमिटी म्हणते, "बघा, बसत नाही," आणि पावतीपुस्तक मिटवते. पण गरीब आईच्या हातात जकात देता येते ना? तिनं त्यातून फी भरावी, भाडं भरावं, स्प्लिंट घ्यावा. मालकी तिची झाली. पगार-भाडं सदक्यातून, लिल्लाहमधून करा. दोन पावतीपुस्तकं ठेवायची, एवढाच प्रश्न आहे, आणि मदरशांचे सफीर दोन पुस्तकं घेऊन आपल्या दारात येतातच. अट अपंगत्वाची नाही, गरिबीची आहे, हेही लक्षात ठेवावं. खात्यापित्या घरातल्या मुलाच्या बापानं जकातीकडं बघू नये.

आणि ही जकात निघते कुठून? माझं माहेर मिरज. तिथं आणि सांगलीत माझ्या मावश्या, मामेबहिणी, वहिन्या. साडेसात तोळ्यांच्या वर सोनं गेलं की अडीच टक्के, हा हिशेब त्या तोंडी करतात. घरातलं रोकड पुरुषाकडं असेल, पण वर्षभर हलत नाही अशी मालमत्ता बहुतेक घरांत बाईच्या कपाटात आहे. तिच्या बांगड्यांवरची जकात, आणि ती कुठं जाणार हे ठरवणाऱ्या बैठकीला तिला बोलावणं नाही. बोलावलं असतं तर निदान एकीनं तरी विचारलं असतं, "खुर्ची कितव्या मजल्यावर न्यायची?"

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं उपचाराला येतात. माझ्या लहानपणी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आसपास पेशंटांचे नातेवाईक रात्री झोपलेले असत. आमची अम्मी त्यांना भाकरी पाठवायची, नाव-गाव-धर्म न विचारता. हे मुद्दाम लिहिते, कारण एका गृहस्थांनी मला विचारलं होतं की थेरपीसाठी गोळा केलेल्या पैशातून "आपल्याच" मुलांना मिळेल ना? जकातीबद्दल उलमांना विचारा. सदक्याला असं कुंपण नाही. फिजिओच्या दारातल्या बाकावर ज्या आया बसतात त्यांना एकमेकींच्या मुलांच्या गुडघ्यांची मापं पाठ असतात, आडनावं बऱ्याचदा माहीत नसतात.

आपल्याला मोठं काम जमत नाही असं नाही. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, शेजारच्या इचलकरंजीत मुस्लिम समाजानं जकात-सदक्यातून ३६ लाख रुपये उभे केले आणि सरकारी आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. मुख्यमंत्र्यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. मला त्याचा आजही अभिमान आहे. पण तो संकटातला, एकदाचा खर्च होता. जे काम संकट नाही, नुसतंच रोज आहे, तिथं आपण थकतो.

न थकणारी माणसंही आपल्यातलीच. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव महिलादिनाच्या भाषणात आपण सगळ्याच घेतो. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालं, सरकारी नोकरी केली, आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा. त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे. ते वाचलेल्या माणसाला खुर्ची देऊन काम संपलं असं वाटूच शकत नाही. आपण बहुधा वाचलेलं नाही, नुसतं मुखपृष्ठ स्लाइडवर दाखवलंय.

आणि रोजच्या देण्याचं म्हणाल तर साताऱ्यात राहून ते कुणी शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. सर्व जातिधर्मांची मुलं एका वसतिगृहात ठेवली, त्यात मुसलमान मुलंही होती. त्यांच्या जेवणात घराघरातून रोज बाजूला काढलेल्या मूठभर धान्याचाही वाटा होता. मूठ लहान होती, पण ती रोजची होती.

चंदा म्हणजे सरकारला सुट्टी, असंही नाही. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. कुठल्या कमिटीनं आपल्या नगरपालिकेत जाऊन विचारलं, गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीचाही खर्च धरलेला आहे. एसटीत अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, आईला बाई म्हणून निम्मं तिकीट आहेच. पण माझ्या विद्यार्थिनीकडं यातलं आईचं निम्मं तिकीट सोडून काहीही नव्हतं, कारण सगळ्याला लागणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं. दोनदा गेले, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा साइट बंद. तिसऱ्यांदा बापाची मजुरी बुडवायची हिंमत झाली नाही. आपल्या मोहल्ल्यात पदवी घेऊन बसलेली किती पोरं आहेत? एकानं कागदांची फाइल घेऊन त्या बाईबरोबर एक दिवस घालवला असता तर ते साडेसहा हजारांहून जास्त मोलाचं दान झालं असतं. पण त्याची पावती फाटत नाही.

मी स्वतः काय केलं, हेही विचारलं जाईल. फार नाही. रमजानमध्ये अकरा जणींना गोळा केलं, चार मिरज-सांगलीच्या, सात इकडच्या. दरमहा पाचशे, वर्षभर, पैसे थेट आईच्या खात्यात. नाव कुठं नाही, फोटो नाही, मुलीला कुणाच्या घरी दाखवायला न्यायचं नाही. पहिल्या महिन्यात साडेपाच हजार जमले. पोरगी भिंतीला टेकून मोजून अर्धा मिनिट बसली, आईनं मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "किसी को भेजना मत."

या महिन्यात अकरापैकी सात हप्ते आले. साडेतीन हजार. फीचे बत्तीसशे गेले, उरले तीनशे, त्यात आठ फेऱ्यांचं भाडं बसत नाही. बाकीच्या चौघींना मी उद्या फोन करणार आहे.