धर्माच्या गाईचे दात मोजायलाच हवेत

एखाद्या कंपनीने विद्यापीठाला कोटभर रुपयांचे राउटर, स्विच आणि वायफायचे संच देऊ केले, की व्यवस्थापन परिषदेत आनंद होणारच. वसतिगृहातले इंटरनेट रात्री रडत असते, ग्रंथालयातले स्विच जुनाट झालेले असतात आणि संगणक विभागाच्या मागणीला अर्थसंकल्पात दरवर्षी कात्री लागते. पण देणगीसोबत चार पानांचा करार येतो, आणि खरी किंमत त्यात असते.

अटी सगळ्याच वाईट नसतात. प्रयोगशाळेच्या दारावर देणगीदाराचे नाव हवे असेल तर खुशाल लावावे. ‘पुढची सर्व खरेदी आमच्याकडूनच’ ही अट मात्र देणगीच्या वेशातली विक्री आहे. परवान्याची अट त्याहून फसवी. क्लाउडवरून चालणाऱ्या काही उपकरणांचा परवाना संपला आणि सवलतीची मुदतही उलटली, की ती डेटा पुढे पाठवणेच थांबवतात. डबा शाबूत, जाळे बंद! पहिली तीन वर्षे परवाना फुकट असेल, तर चौथ्या वर्षीचे दरपत्रक आजच मागून घ्यावे.

रुग्णालये या अनुभवातून आधीच गेली आहेत. देणगीतली यंत्रे धूळ खात पडतात हे पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्येच त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विकसनशील देशांतल्या सुमारे १ लाख १२ हजार वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली सुमारे ३८ टक्के उपकरणे बंद होती. कारणे ओळखीचीच : प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्यासारख्या सुविधा अपुऱ्या. स्विचलाही अखंड वीज लागते, थंड खोली लागते, जाणता माणूस लागतो.

नेटवर्कचा एक धोका मात्र क्ष-किरण यंत्राला नसतो. त्यातून सगळ्यांची माहिती वाहते. विद्यापीठाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असेल तर रुग्णांचे अहवालही त्याच तारांतून जातात. ‘नियंत्रण आमच्या क्लाउडवरून’ या अटीचा अर्थ किल्ली दुसऱ्याच्या खिशात, एवढाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि ‘काम कंपनीकडे होते’ ही सबब तिथे चालत नाही.

राजकारणही मध्ये येते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने हुआवेसह काही चिनी कंपन्यांच्या दूरसंचार उपकरणांसाठी सरकारी निधी वापरण्यावर बंदी घातली, तेव्हा तिथल्या काही विद्यापीठांना बसवलेली उपकरणे काढावी लागली. ऑक्सफर्डने जानेवारी २०१९ मध्ये हुआवेच्या नव्या देणग्या आणि संशोधन-निधी थांबवला. आरोप कितपत खरे हा वाद वेगळा. पण एकाच पुरवठादारावर सारे जाळे उभे असेल तर अशा दिवशी हाल विद्यापीठाचेच होतात.

म्हणून देणगी नाकारावी असे नाही. ती घ्यावी, मात्र खरेदीची सक्ती आणि बाहेरचे नियंत्रण या दोन अटी खोडून. कंपनी त्याला तयार नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. निर्णयाच्या बैठकीला सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या कंत्राटी अभियंत्यालाही बोलवावे. एरवी त्याला बोलावणे येते ते सह्या झाल्यावर, खोकी उघडायला.