एका दिवसाची लढाई, वीस वर्षांची लूट

फ्रान्समधील बायू या गावी जतन केलेला, सुमारे ७० मीटर लांबीचा भरतकामाचा पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रदर्शनासाठी पाठविण्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १०६६ साली इंग्लंड कसे जिंकले, याची ती टाक्याटाक्यांनी रंगविलेली चित्रकथा. एखाद्या देशाने स्वतःच्या पराभवाचे चित्र पाहुणचार करून घरी आणावे, याचे खरे तर नवल वाटायला हवे. पण तसे ते वाटत नाही; कारण तो पराभव होता, हेच तेथील सर्वसामान्य माणसाला आता जाणवत नाही. नॉर्मन आले, त्यांनी दगडी किल्ले बांधले, गगनचुंबी कॅथेड्रले उभारली, मागासलेल्या सॅक्सनांना शिस्तबद्ध राज्यकारभार दिला, असा हा उपकारांचा हिशेब आहे. ब्रिटिश अमदानीत इंग्लंडचा इतिहास घोकणाऱ्या आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही माथी तोच मारला गेला. हा हिशेब मांडला कोणी? ज्यांनी लुटले त्यांनीच!

मुळात १०६६ पूर्वीचे इंग्लंड मागासलेले नव्हते. संपूर्ण देश शायर आणि त्याखालील हंड्रेड अशा विभागांत बांधलेला होता. प्रत्येक शायरची न्यायसभा होती आणि तेथे राजाची मोहोरबंद आज्ञापत्रे वाचली जात. जमिनीवरील 'गेल्ड' हा कर देशभर वसूल होई. ठराविक काळाने जुने नाणे परत घेऊन नवे पाडले जाई आणि त्यासाठी चाळीसहून अधिक गावांत टांकसाळी होत्या. पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी लॅटिनवाचून पान हलत नसताना येथे कायदे, आज्ञापत्रे आणि बखर स्वभाषेत लिहिली जात होती. नॉर्मंडीकडे यातले फारच थोडे होते. विल्यमने राज्ययंत्रणा 'दिली' नाही, ती आयती घेतली. यंत्रणा इतकी सुघटित होती की, जो सिंहासन बळकावील त्याच्या हाती साऱ्या देशाच्या नाड्या याव्यात. ज्या व्यवस्थेचा त्या समाजाला अभिमान, तीच त्याच्या गळ्यातील फास ठरली.

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जजवळ हॅरॉल्ड धारातीर्थी पडला. अवघ्या एकोणीस दिवसांपूर्वी त्याने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या राजाचा निःपात केला होता. थकलेल्या सैन्यानिशी तो दक्षिणेकडे धावला आणि दिवसभर झुंजला. पण एका लढाईने देश जिंकला जात नाही. २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबेत विल्यमचा राज्याभिषेक झाला, तेव्हा आतला जयघोष ऐकून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना तो दंगा वाटला आणि त्यांनी आसपासची घरे पेटवून दिली! प्रजेच्या जयजयकारालाही जी सत्ता भिते, ती पुढे कशी वागणार, हे त्या धुरातच दिसले होते.

अभ्यासकांच्या अंदाजानुसार पंधरा-वीस लाखांच्या देशात स्थायिक झालेले नॉर्मन व त्यांचे साथीदार फार तर दहा हजारांच्या घरात होते. एवढ्या मूठभरांनी देश दाबून कसा ठेवला? पहिले उत्तर आहे गढ्यांचे. जेथे गाव बंडखोर, तेथे मातीचा उंचवटा रचायचा, त्यावर लाकडी बुरूज, भोवती मेढेकोट आणि खंदक. माती वाहायची ती स्थानिकांनीच, वेठबिगारीने. जागाही मोकळी शोधायची नाही, भरवस्तीतलीच घ्यायची. गढ्यांमुळे लिंकनमध्ये १६६ आणि नॉर्विचमध्ये ९८ घरे गेल्याची नोंद खुद्द नॉर्मन दफ्तरात आहे. आज पर्यटक ज्या किल्ल्यांसमोर छायाचित्रे काढून घेतात, त्यांच्या पायाखाली कोणाच्या चुली होत्या, हे मार्गदर्शक पुस्तिकांनी सांगायला नको काय?

उत्तरेने मान तुकवली नाही, तेव्हा १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने यॉर्कच्या परिसरात धान्य, गुरे, नांगर, घरे यांची सरसकट होळी केली. ऑर्डेरिक व्हायटॅलिस या भिक्षूने पुढे लिहिले, की या उपासमारीत एक लाखाहून अधिक माणसे मेली. आकड्याबद्दल आज वाद आहे, कृत्याबद्दल नाही. हा ऑर्डेरिक फ्रेंच बापाचा आणि इंग्लिश आईचा मुलगा. दहाव्या वर्षी नॉर्मंडीच्या मठात धाडलेला हा लेखक एरवी विल्यमची थोरवी गातो. पण या ठिकाणी त्याचीही लेखणी अडखळते आणि असल्या कृत्याची स्तुती आपल्याला करवत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या भिक्षूला जे उमगले, ते आधुनिक 'समतोल' इतिहासकारांना उमगू नये, हे आश्चर्यच!

तलवारीने मिळविलेले टिकविले मात्र दफ्तराने. विल्यमची भूमिका अशी, की आपण विजेते नव्हे, एडवर्ड राजाचे कायदेशीर वारस. मग हॅरॉल्डच्या बाजूने लढलेले सारे आपोआप राजद्रोही ठरले आणि त्यांच्या जमिनी जप्त. बंडे होत गेली तसतशा उरलेल्या जमिनीही गेल्या. १०८६ साली राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या बड्या सरदारांत आर्डेनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्स्वेन हीच दोन काय ती ठळक इंग्लिश नावे उरली होती. कायदाही तसाच. बेवारस प्रेत सापडले की तो मृत मनुष्य नॉर्मन समजायचा. तो इंग्लिश होता हे सिद्ध झाले नाही आणि मारेकरीही हाती आला नाही, तर साऱ्या हंड्रेडवर दंड. हा नियम १३४० पर्यंत कायम होता. जेत्यांच्या भयाने कुलीन स्त्रिया मठांत जाऊन राहिल्या. विल्यमने आणलेला आर्चबिशप लॅनफ्रँक यालाच पुढे त्यांच्याविषयी निर्णय द्यावा लागला.

हा लॅनफ्रँक इटलीतील पाव्हियाचा. १०७० मध्ये इंग्लिश आर्चबिशप स्टिगंडला पदच्युत करून तो कँटरबरीला बसला. विल्यम मेला तेव्हा, १०८७ मध्ये, वूस्टरचा वृद्ध वुल्फस्टन हा एकच इंग्लिश बिशप शिल्लक होता. जुनी कॅथेड्रले पाडून नवी उभारण्याची लाट आली. तिच्यापुढे वुल्फस्टनचाही इलाज चालला नाही, आणि पूर्वजांचे जुने चर्च पाडताना तो रडला, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. त्याच सुमारास राजाज्ञांतून इंग्लिश हद्दपार होऊन लॅटिन आली आणि दरबारात फ्रेंच. १३६२ साली न्यायालयांत पुन्हा इंग्रजी बोलण्याची मुभा देणारा कायदा झाला, पण तो कायदासुद्धा लिहिला होता फ्रेंचमध्येच!

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. एक्सेटरचा वेढा १०६८ चा. त्यात विल्यमच्या सैन्यात इंग्लिश शिपाईही होते. एडविन आणि मॉर्कार या बड्या अर्लांनी आधी शरणागती पत्करली आणि देश हातचा गेल्यावर बंडाची भाषा केली. एडविनला १०७१ मध्ये त्याच्याच माणसांनी मारले. हेरवर्डने ईलीच्या दलदलीत जी झुंज दिली, तिच्या मदतीला सारा देश एकाच वेळी कधी उठला नाही. गढ्या पाचशे असोत की हजार, दुफळीइतकी पक्की तटबंदी कोणत्याच राज्यकर्त्याला बांधता येत नाही.

नॉर्मनांचे वकील एक मुद्दा नेहमी पुढे करतात, गुलामगिरीचा. सॅक्सन इंग्लंडमध्ये गुलाम होते आणि नॉर्मन काळात ती प्रथा ओसरली, हे खरे आहे. पण ज्या काळात गुलाम घटले, त्याच काळात स्वतंत्र शेतकरीही मोठ्या संख्येने जहागीरदाराच्या जमिनीला जखडले गेले, हे वाक्य त्या वकिलीत नसते.

१०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे विल्यमने देशभराच्या मोजणीचा हुकूम सोडला. तेरा हजारांहून अधिक वस्त्यांची नोंद झाली. एक बैल, एक डुक्करही सुटले नाही, हे लिहितानाही लाज वाटते, अशी खंत इंग्लिश बखरकाराने व्यक्त केली. अंतिम निवाड्याप्रमाणे त्यावर अपील नाही, म्हणून लोकांनी त्या दफ्तराला डूम्सडे बुक म्हटले. त्यात प्रत्येक जमिनीचा पूर्वीचा मालक 'एडवर्ड राजाच्या काळी' कोण होता, हे दिले आहे. हॅरॉल्डचा राजा म्हणून काळच नाही. ६ जानेवारी १०६६ रोजी विधिपूर्वक राज्याभिषेक झालेला, नऊ महिने राज्य केलेला, स्वदेशासाठी रणात पडलेला राजा तेथे तुरळक अपवाद वगळता केवळ 'अर्ल हॅरॉल्ड' आहे. पुढे राजांची गणनाही विजयापासूनच सुरू झाली. १२७२ साली गादीवर आलेला एडवर्ड हा त्या नावाचा चौथा राजा, पण इतिहास त्याला पहिला म्हणतो.

बायूचा पट विल्यमच्या सावत्र भावाने, बिशप ओडोने, करवून घेतला असावा, आणि तो विणणारे हात इंग्लिश स्त्रियांचे असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जेत्याच्या आज्ञेवरून, जेत्याच्या गौरवासाठी त्या सुया चालल्या. पण हॅरॉल्ड सिंहासनावर बसतो त्या चित्रावर आणि तो मारला जातो त्या चित्रावरही लॅटिन मथळा आहे. दोन्हींत त्याच्या नावापुढे 'राजा' हाच शब्द भरलेला आहे.