सामना गोलंदाज जिंकून देतो

तुम्ही घरी ज्याला ‘गेंदबाज’ म्हणता, त्याला मराठीत ‘गोलंदाज’ म्हणतात. हा शब्द फारसीतून मराठीत आला. गोलंदाज म्हणजे तोफेतून गोळा फेकणारा. किल्ल्याच्या बुरुजावर तोफेपाशी उभा राहणारा माणूस तो! क्रिकेट आल्यावर हेच नाव चेंडू टाकणाऱ्याला मिळाले, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

पण आपल्या गल्लीत काय दिसते? प्रत्येकाला हातात बॅट हवी असते. चेंडू टाकायचा तो लहान भावाने. मोठ्यांचेही तसेच आहे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी 1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. त्याचा अभिमान आपल्याला असावाच. तरीही माझे मत असे, की धावांनी सामना सुरक्षित होतो. जिंकून देतो तो गोलंदाज. कसोटी जिंकायची तर समोरच्या संघाचे बहुधा वीस गडी बाद करावे लागतात.

जुलै 2007 मधील नॉटिंगहॅमची कसोटी पाहा. भारताकडून झहीर खान खेळत होता. तो अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा. आपल्यासारखाच ऊस आणि साखर कारखान्यांचा तो मुलूख. त्याआधी झहीरला भारतीय संघातून वगळले होते. तो रुसून बसला नाही. 2006 साली तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला, धाव कमी केली, मोसमात 78 बळी घेतले आणि तिथली हवा, तिथला चेंडू ओळखून आला.

ही ओळख नॉटिंगहॅमला कामी आली. कर्णधार राहुल द्रविडने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. हवेत वळणाऱ्या चेंडूपुढे इंग्लंडचा डाव 198 धावांत संपला. झहीरने चार गडी टिपले. भारताने 481 धावा केल्या. तुम्ही म्हणाल, मग फलंदाजांनीच जिंकले की! पण त्या डावात एकाचेही शतक नव्हते. सचिन 91 वर बाद झाला. शिवाय समोरच्यांनी 500 केल्या असत्या, तर या 481 ला कोणी विचारले असते?

झहीर फलंदाजीला आला, तेव्हा खेळपट्टीवर कोणीतरी गोड गोळ्या टाकल्या होत्या. त्याने त्या बाजूला केल्या, पुन्हा दिसल्या तेव्हा तो भडकला. राग सगळ्यांनाच येतो. त्याचा राग चेंडूत उतरला. दुसऱ्या डावात मायकल वॉन 124 धावा करून जमला होता. झहीरचा चेंडू त्याच्या मांडीच्या पॅडला लागून यष्ट्यांवर गेला. यात नशिबाचा भाग होता, हे मान्य. पण त्या डावात झहीरने पाच गडी बाद केले, ते सगळे काही नशिबाने नव्हेत. भारतापुढे फक्त 73 धावांचे लक्ष्य उरले आणि सामना सात गड्यांनी जिंकला. त्याच विजयावर भारताने 1986 नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली.

सचिनची शतके किती, हे वर्गात कोणीही सांगतो. झहीरचे कसोटी बळी विचारले, की सगळे एकमेकांकडे बघतात. 92 कसोटींत 311, मुलांनो.