वर्सोव्यातले मजले आणि वर्सोव्यातला पैसा

चार बंगला, सात बंगला, यारी रोड या पट्ट्यातल्या जुन्या, कमी उंचीच्या सोसायट्या एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्या जागी टॉवर उभे राहत आहेत. आसपासच्या रहिवाशांची काळजी सगळीकडे सारखीच असते: पाणी पुरेल का, गटारे तुंबणार का, रस्त्यावरून गाडी निघणार कशी? त्यावर ऐकवले जाते की, आधी येऊन बसलेल्यांना नंतर येणारे नकोच असतात आणि मुंबईत उंच बांधण्यावाचून गत्यंतर नाही. यातला दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लिफ्ट नसलेल्या गळक्या इमारतीत म्हातारपण काढणाऱ्यांना पुनर्विकास हवाच आहे, आणि वाढीव क्षेत्र विकल्याखेरीज त्याचा खर्च निघत नाही. माझा आक्षेप मजल्यांना नाही. मजल्यांची परवानगी आणि त्या मजल्यांना लागणारे पाणी यांचा हिशेब एकाच टेबलावर कधी मांडला जात नाही, हा आक्षेप आहे.

परवानगी कशी ठरते ते पाहू. 2018 मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 नुसार उपनगरात मूळ एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, 1 आहे. समोरचा रस्ता किमान 9 मीटर रुंद असेल तर अधिमूल्य भरून 0.5 एफएसआय मिळतो, त्यावर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, चढवता येतो आणि रस्ता जितका रुंद तितकी ही मर्यादा 2.5 पर्यंत वाढत जाते. शिवाय 35 टक्के फंजिबल क्षेत्र वेगळे. म्हाडाच्या वसाहतींना आणखी सढळ नियम लागू होतात. किनाऱ्यालगतच्या इमारतींचा एफएसआय अनेक वर्षे गोठवलेला होता. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने ती अट काढल्यावर त्याही रांगेत आल्या. या शिडीची प्रत्येक पायरी रस्त्याच्या रुंदीवर टेकलेली आहे. रस्त्याखालची जलवाहिनी किती इंचांची, मलवाहिनी किती जुनी, पुढचे उदंचन केंद्र किती भार पेलते, यावर निर्देशांक एका शतांशानेही हलत नाही. ना-हरकत पत्रे घेतली जातात, पण भूखंडागणिक सुटी सुटी. एकाच गल्लीतल्या दहा सोसायट्या पाच वर्षांत पुनर्विकासाला गेल्या तर त्यांची बेरीज करून रहिवाशांपुढे ठेवणे कोणावरही बंधनकारक नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पैशाचा आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. वाढीव एफएसआयसाठी विकासक जे अधिमूल्य भरतो, ते राज्य सरकार, महापालिका, धारावी पुनर्विकास प्रकल्प आणि वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूसाठी रस्ते विकास महामंडळ अशा चार ठिकाणी वाटले जाते. धारावीला पैसा मिळू नये असे मी म्हणत नाही. मात्र यारी रोडवर जी दाटी वाढते, तिच्या किमतीतला एकही रुपया यारी रोडच्या जलवाहिनीसाठी राखून ठेवलेला नाही. महापालिकेचा वाटा शहराच्या तिजोरीत जातो आणि तिथून कुठे जातो ते विभागाला कळत नाही. सेतूचे नाव वर्सोव्याचे असले तरी त्यावरून वेगाने वांद्र्याला पोहोचणाऱ्या गाडीमुळे सात बंगल्यातल्या नळाचा दाब वाढत नाही. इंग्लंडमध्ये नव्या बांधकामावर जो पायाभूत सुविधा कर घेतात, त्यातला 15 टक्के हिस्सा त्याच परिसरासाठी ठेवावा लागतो, आणि परिसराने स्वतःचा आराखडा मंजूर करून घेतला असेल तर 25 टक्के. असा नियम मुंबईत करायला काय हरकत आहे?

मेट्रो आली आहे, मग दाटी इथे नाही तर कुठे वाढवायची, असा प्रश्न नगररचनेतली जाणकार माणसेही विचारतात. प्रश्न योग्य आहे. 8 जून 2014 ला सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोमुळे, आणि पुढे डी. एन. नगरहून दहिसरला जाणाऱ्या मार्गिकेमुळे, हा भाग घरे वाढवायला उपनगरातल्या इतर अनेक भागांपेक्षा सोयीचा झाला. पण मेट्रो माणसे नेते, सांडपाणी नेत नाही. शहराला रोज साधारण 4,000 दशलक्ष लिटर पाणी मिळते. मध्य वैतरणा धरणानंतर, म्हणजे 2014 नंतर, नवे धरण झालेले नाही. मनोरीचा समुद्राचे पाणी गोडे करण्याचा 200 दशलक्ष लिटरचा प्रकल्प अजून नळापर्यंत आलेला नाही. वर्सोव्यासाठी 180 दशलक्ष लिटर क्षमतेच्या नव्या मलप्रक्रिया केंद्राची पायाभरणी जानेवारी 2023 मध्ये झाली. तोवर, आणि त्यानंतरही टॉवर चढतच राहिले. आधी माणसे, मग सुविधा हा क्रम चालतो असे म्हणणाऱ्यांनी मधल्या वर्षांत त्याची झळ कोणाला बसते हे पाहावे. सांडपाणी शेवटी जिथे जाते त्या वर्सोवा खाडीला ती बसते, आणि खाडीच्या तोंडाशी होड्या लावणाऱ्या, किनाऱ्यावर बोंबील वाळवणाऱ्या वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्याच, कोळ्यांना बसते. टॉवरमधली सोसायटी टँकर मागवू शकते. खाडीला टँकरने स्वच्छ पाणी देता येत नाही.

कोळीवाड्याची दाटी वेगळ्या कारणाने वाढली आहे. गावठाणे आणि कोळीवाडे यांच्यासाठी स्वतंत्र बांधकाम नियमांची मागणी वर्षानुवर्षे लोंबकळत पडली आहे. कुटुंब वाढले की कायदेशीर मार्ग नसतो आणि बेकायदा मजले बांधून विकणारे मात्र तयार असतात. 2024 मध्ये महापालिकेने इथल्या बहुमजली अनधिकृत इमारतींवर हातोडा चालवला. ती कारवाई आवश्यक होती, पण नियम न करता केलेली पाडापाडी पुढच्या बांधकामाला थांबवत नाही.

मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे मुंबईत नगरसेवकच नव्हते. परवानग्या मात्र सुरू होत्या आणि त्यांचा जाब विभागात विचारणारे कोणी नव्हते. आता सभागृह निवडून आले आहे. वर्सोवा ज्यात येतो त्या के-पश्चिम विभागाच्या नगरसेवकांनी सर्वप्रथम तीन गोष्टी मागाव्यात. विभागात मंजूर झालेले आणि ताबा दिलेले एकूण क्षेत्र रस्तानिहाय दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. जलअभियंता आणि मलनिःसारण खात्याने प्रत्येक उपभागाची उरलेली क्षमता त्याच तक्त्यात लिहावी, आणि ती संपली असेल तिथे भोगवटा प्रमाणपत्र वाहिनीचे काम पूर्ण झाल्यावरच द्यावे. महापालिकेला मिळणाऱ्या अधिमूल्यातला ठरावीक भाग त्याच विभागाच्या खात्यात जमा व्हावा. यापैकी पहिल्या मागणीसाठी ना कायदा बदलावा लागतो, ना मंत्रालयात फाइल पाठवावी लागते. तिला लागणारी सगळी माहिती महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात आजही पडून आहे.